माफ न केलेला मेहेर

“बोल गे बाय, माफ केला म्हण. दोनच तर शब्द आहेत,” रुकय्याखाला माझ्या आईच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली.

आईने खाली घातलेली मान वर केली नाही.

माजघरात बाबांची मय्यत कफनात बांधून तयार होती. चेहरा तेवढा उघडा ठेवला होता, घरच्यांनी शेवटचं बघून घ्यावं म्हणून. अंगणात जमातीचे पुरुष जनाजा उचलायला उभे होते. दुपारची जोहरची नमाज झाली की लगेच दफन करायचं ठरलं होतं, आणि मे महिन्याचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

आमच्या गावात रिवाज होता. नवरा गेला की मय्यत उचलायच्या आधी बायकोला पुढे आणायचं आणि तिच्याकडून वदवून घ्यायचं, “मेहेर माफ केला.” मेहेर म्हणजे निकाहाच्या वेळी नवऱ्याने बायकोला द्यायचं कबूल केलेलं. ते हयातीत दिलं नाही तर त्याच्या डोक्यावर ते कर्ज राहतं, आणि कर्ज घेऊन माणूस वर जाऊ नये, म्हणून ही माफी. आमच्या गावात तेव्हा मेहेर ठरलेला असायचा, एकशे सत्तावीस रुपये. एवढ्याशा रकमेसाठी कोण बाई नाही म्हणणार? रडत रडत सगळ्याच म्हणायच्या. माझ्या दादीने म्हटलं होतं, रुकय्याखालाने स्वतः दोनदा म्हटलं होतं, दोन नवरे गेले तिचे.

“हूरबी, अगं बोल की!” खालाने आता तिचा खांदा हलवला.

आईने बाबांच्या तोंडाकडे बघितलं. तिचे ओठ हलले. मी अगदी शेजारी बसले होते, मला शपथेवर सांगता येईल, शब्द तिच्या जिभेवर आला होता. तेवढ्यात ओटीवरून मकबूलचाचांचा आवाज आला. कुणाला तरी ते सांगत होते, “भाबीची कसली चिंता? माझी जकात दरसाल निघते. ती बाहेरच्या गरिबांना वाटण्यापेक्षा घरातच देईन. भाबी नि मुनीरा मागच्या खोलीत आरामात राहतील.”

आईचे ओठ मिटले.

“नाही,” ती म्हणाली.

“काय नाही?”

“मी माफ करत नाही.”

बायकांत एकदम गलका उठला. कुणी तोंडावर पदर घेतला, कुणी “तौबा, तौबा” केलं. मागून एक आवाज तर स्पष्टच आला, “मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाते बघा!” मला राग आला तो त्या बाईचा नाही, माझ्या आईचा. वीस वर्षांची होते मी, बाप समोर कफनात होता आणि आई एकशे सत्तावीस रुपयांसाठी हटून बसली होती. असं काय दडलंय हिच्या मनात? माझा स्वभावच तसा आहे, संशयी. दूध पांढरं आहे म्हटलं तरी मी वाटी उजेडात धरून बघते.

पण त्या दिवशी माझा संशय एकटा आईवर नव्हता. मकबूलचाचा बाबांचे धाकटे भाऊ, कुवेतला मोठे कॉन्ट्रॅक्टर. बाबांची कावीळ उलटली हे कळल्यावर ते विमानाने आले. आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना परसात पाहिलं, एका गवंड्याबरोबर. गवंडी घराच्या भिंतीवर हाताच्या मुठीने ठोकून बघत होता आणि चाचा त्याला सांगत होते, “पाया मजबूत आहे, वरती दोन मजले निघतील.” आत बाबा पाणी मागत होते आणि बाहेर हे मजले मोजत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली होती. बाबांना मुलगा नव्हता, मी एकटीच. त्यामुळे शरियतप्रमाणे घरात भावाचाही वाटा निघत होता. आमच्या डोक्यावरचं छप्पर राहणार की आम्ही लाकडं ठेवायच्या खोपीत जाणार, हे चाचांच्या मर्जीवर होतं. आणि मर्जी त्यांनी आत्ताच ओटीवर बोलून दाखवली होती.

चाचा दाराशी आले. दारावर पडदा होता, त्याच्या पलीकडून बोलले. आवाजात मध होता. “भाबी, हे काय ऐकतोय मी? दादाची रूह लटकून राहील हो. लोक काय म्हणतील?”

“लोक काय म्हणतील त्यासाठी की रूहसाठी?” आई म्हणाली.

मग खतीबकाका पुढे आले. आमच्या मशिदीत नमाज पढवायचे ते, साधा आणि थोडा घाबरट माणूस. ते म्हणाले, “हूरबी, हक तुमचा आहे. जबरदस्ती कुणी करू शकत नाही. पण मय्यत थांबवणंही बरं नाही.”

“मी मय्यत थांबवलेली नाही काका. उचला ना! फक्त माफ करत नाही, एवढंच म्हणते.”

“पण कर्ज राहतं ना त्याच्यावर.”

“मग दुसऱ्या कुणी अंगावर घेतलं तर?” आई म्हणाली. “तुम्हीच खुतब्यात सांगितलं होतं एकदा. पैगंबरसाहेबांसमोर एका कर्जदाराचा जनाजा आला, तेव्हा एका साथीने म्हटलं की याचं कर्ज माझ्यावर. मग नमाज झाली. चालतं ना तसं?”

“चालतं,” खतीबकाका म्हणाले. “कुणी आपणहून घेतलं तर मय्यतीचा बोजा त्याच्यावर जातो.”

अंगणात कुजबूज सुरू झाली. सगळ्यांच्या माना कुणाकडे वळल्या असतील हे पडद्याआडूनही कळत होतं. सख्खा भाऊ, कुवेतचा पैसा, हातात सोन्याचं घड्याळ. चाचा हसले. ते हसणं मला अजून आठवतं, मयताच्या घरात न शोभणारं.

“एवढंच ना? भाबी, आधी सांगायचं होतं. एकशे सत्तावीस रुपयांसाठी मी माझ्या भावाला उन्हात ठेवीन होय? माझ्यावर! आत्ता काढून देतो.”

“रुपये म्हणू नका, भावजी. मेहेर म्हणा.”

“बरं बाई, मेहेर. माझ्या दादाने भाबीचा जो काही मेहेर द्यायचा असेल तो माझ्यावर. ऐकलंत ना सगळ्यांनी? खतीबकाका, ऐकलंत?”

“ऐकलं,” खतीबकाका म्हणाले.

अंगणाच्या कोपऱ्यातून कुणीतरी मोठ्याने खाकरलं. मी पडद्याच्या फटीतून बघितलं. लतीफ तांडेल होते ते. ऐंशीच्या घरातला म्हातारा, एके काळी गलबत चालवायचे, आता मशिदीच्या पायरीवर बसून असायचे. ते आमच्या दाराकडे एकटक बघत होते. आणि माझी आई, जिने सकाळपासून डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, तिने त्या खाकरण्यावर अगदी किंचित मान हलवली. हे काय गौडबंगाल आहे, मला काही कळेना.

जनाजा उठला. बाबा गेले.

आई इद्दतीला बसली. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरातच राहायचं असतं, परक्या पुरुषासमोर यायचं नसतं. इतर बायकांच्या इद्दतीत शेजारणी डबे घेऊन येतात, पोटभर गप्पा मारतात. आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. रुकय्याखाला एकदा आली, दारातूनच म्हणाली, “तुझ्या आईला सांग, चांगला माणूस होता इसाक, त्याच्या वाट्याला असं यायला नको होतं,” आणि निघून गेली. विहिरीवर मी गेले की बायका गप्प व्हायच्या.

घरात येऊन मी भांडी आपटायचे. “आई, दोन शब्द म्हणायला काय तुझी जीभ झडत होती?”

“इद्दत संपू दे,” ती म्हणायची.

“मग काय होणार आहे?”

“मग बघू.”

असलं उत्तर ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. माणूस गप्प असला की मला वाटतंच, कुठेतरी पाणी मुरतंय. त्यात एक दिवस दुपारी मी दुकानातून आले. बाबांचं जेटीवर जाळी आणि दोरखंडाचं छोटं दुकान होतं, ते आता मी बघायचे. तर मागच्या दाराची कडी आतून लावलेली, आई दाराच्या अलीकडे बसलेली आणि पलीकडून लतीफ तांडेलांचा खरखरीत आवाज.

“डोळे अधू झाले पोरी, पण याददाश्त शाबूत आहे,” ते म्हणत होते.

“तेवढी चार महिने टिकवा तांडेलकाका,” आई म्हणाली.

मी आत गेले तशी दोघं गप्प. मी विचारलं, “काय टिकवायचंय?” आई म्हणाली, “आंब्याचं लोणचं.” खोटं बोलताना माझ्या आईच्या नाकपुड्या फुगायच्या. त्या दिवशी चांगल्याच फुगल्या होत्या.

चाचाही काही कमी संशयी नव्हते. कुवेतला परत न जाता ते मुंबई-गाव करत राहिले. एकदा दुकानात आले, जाळ्याची गाठ उगाच चाचपत म्हणाले, “मुनी, तुझी आई काय शिजवतेय गं?”

“भात,” मी म्हटलं.

“चेष्टा नको. त्या दिवशी तिने मला सगळ्यांसमोर का बोलायला लावलं? एकशे सत्तावीस रुपये मी खतीबकाकांच्या हाती पाठवले तर तिने परत पाठवले. म्हणाली, इद्दतीनंतर. का?”

“मला काय ठाऊक? तिच्या पोटातलं ती मला सांगते होय?”

मी खरं बोलतेय यावर त्यांचा विश्वास नव्हता. माझाही त्यांच्यावर नव्हता. पण त्या एका गोष्टीत आम्ही चाचा-पुतणी अगदी एकमताचे होतो, की आई काहीतरी लपवतेय.

रमजान त्याच दिवसांत आला. चाचांनी जकात काढली. दर वर्षी ज्याच्याकडे ठरावीक मालमत्ता आहे त्याने त्यातला चाळिसावा हिस्सा गरिबांना द्यायचा, तो फर्ज असतो, त्यात मेहेरबानी काही नाही. पण चाचांच्या जकातीला वाजंत्री तेवढी लावायची बाकी असायची. रिक्षातून सामान आलं, रस्त्यावर सगळ्यांना दिसेल असं. तांदळाचं पोतं, खजूर, दोन साड्या आणि वर एक पाकीट. रिक्षावाल्याने हाक मारून सांगितलं, “मकबूलशेठची जकात!”

घरात तांदूळ संपत आले होते. दुकानाच्या उधारीत आम्ही गळ्याशी होतो. मी पोतं आत ओढायला लागले.

“राहू दे ते,” आई आतून म्हणाली.

“आई!”

“मुनी, पोतं सोड. त्याला सांग, आम्ही जकातीचे हकदार नाही.”

“आम्ही हकदार नाही? घरात दोन मापटी तांदूळ आहेत!”

“ज्याच्याकडून आपलं येणं आहे, त्याच्याच हातून जकात कशी घेऊ? येणं दिलं की आम्ही गरीब कुठे राहतो?”

रिक्षावाला आ वासून बघत राहिला. संध्याकाळपर्यंत गावात झालं, हूरबीला वेड लागलं, एकशे सत्तावीस रुपयांचं येणं आहे म्हणून पोतंभर तांदूळ परत केले. मलाही वाटलं, खरंच हिचं डोकं फिरलं. त्या दिवशी इफ्तारला आम्ही पेजेवर रोजा सोडला. मी तिच्याशी बोलले नाही. तिने माझ्या ताटात लोणच्याची फोड जास्त वाढली, तरीही बोलले नाही.

रमजान ईद झाली. मग एक दिवस गवंडी परत आला. आमच्याच अंगणात त्याने चुन्याच्या रेघा मारल्या. घराच्या पुढच्या भागाला एक रेघ, मागच्या खोपीला एक. त्याने मला विचारलं, “लाकडं कुठं हलवू ताई? शेठ म्हणाले, तुम्ही इकडं राहणार.” आई खिडकीतून बघत होती. ती काही बोलली नाही. मी त्या रेघांवर बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मारल्या.

इद्दत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा वाटण्या करायला आले. बरोबर खतीबकाका आणि जमातीतले दोन वडीलधारे. अंगणात खुर्च्या टाकल्या. आई आतच बसली, दार अर्धं लोटून. मी उंबऱ्यावर.

चाचांनी आधी खिशातून नोटा काढल्या आणि खतीबकाकांच्या हातात ठेवल्या. “एकशे सत्तावीस. भाबीचा मेहेर. माझ्यावर घेतला होता, आज फिटला. आता घराचं बोलू.”

“मेहेर एकशे सत्तावीस नव्हता,” आई आतून म्हणाली.

चाचांच्या चेहऱ्यावर मला पहिल्यांदा भीती दिसली. “म्हणजे? गावात सगळ्यांचा तेवढाच असतो.”

“सगळ्यांचा असेल. माझा नव्हता. तांडेलकाकांना बोलवा.”

ते बोलवायच्या आधीच कुंपणाशी येऊन बसले होते. काठी टेकत आत आले. खतीबकाकांनी त्यांना खुर्ची दिली.

“मी हूरबीच्या निकाहाचा वकील,” लतीफ तांडेल म्हणाले. “मुलीच्या वतीने कबुली घ्यायला मीच गेलो होतो. हिचा बाप दर्यावर माझ्याबरोबर असायचा. त्याने अट घातली होती, रुपयाला किंमत राहात नाही, माझ्या मुलीचा मेहेर सोन्यात हवा. चार पाटल्या, अकरा तोळ्यांच्या. इसाकच्या बापाने कुरकुर केली, पण दिल्या. मी माझ्या हाताने या पोरीच्या हातात घातल्या.”

“मग झाला ना मेहेर अदा!” चाचा उसळून म्हणाले. “दिला म्हणताय ना? मग भाबी कसला मेहेर मागतायत? ही फसवणूक आहे. मला तेव्हाच वास आला होता!”

मला त्या क्षणी तेच वाटलं. आईने आयुष्यभर काचेच्या बांगड्यांशिवाय हातात काही घातलेलं मी पाहिलं नव्हतं. पाटल्या होत्या तर गेल्या कुठे? मी मागे वळून तिच्याकडे बघितलं. दाराच्या फटीतून ती सरळ चाचांकडे बघत होती.

“भावजी,” ती म्हणाली, “तुम्ही कुवेतला पहिल्यांदा कशावर गेलात?”

“कशावर म्हणजे?”

“एजंटला पैसे कुठून दिलेत?”

“दादाने दिले. सोनं मोडून. त्याचे उपकार मी कधी नाकारले नाहीत.”

“कसलं सोनं?”

“मला काय माहीत कसलं. दादाचं सोनं. पाटल्या होत्या, मी स्वतः...”

त्यांनी दाराकडे बघितलं.

“पाटल्या होत्या,” आई म्हणाली. “पुरुष माणूस हातात पाटल्या घालतो का हो भावजी?”

जमातीतल्या एका म्हाताऱ्याने हळूच “ला हौल” म्हटलं.

“मुनी तेव्हा पाळण्यात होती,” आई पुढे म्हणाली. आवाज चढला नव्हता. “ते म्हणाले, हूर, मकबूलचं आयुष्य उभं राहतंय, दे. दोन वर्षांत पुन्हा करून घालतो. मी काढून दिल्या. तुम्ही दोन वर्षांनी आलात, दादाला घड्याळ आणलंत, मला अत्तर. दादाने एकदा विषय काढला, तेव्हा तुम्ही म्हणालात, भावाभावांत कसला हिशोब. त्यानंतर त्यांनी तोंड उघडलं नाही. दुकानातून काही साठलं की म्हणायचे, या वर्षी एक तरी करू. कधी झालंच नाही.”

खतीबकाका खाली बघत म्हणाले, “दिलेला मेहेर नवऱ्याने उसना नेला, तर तो पुन्हा त्याच्या डोक्यावर बसतो. आणि मकबूल, तो तू सगळ्या जमातीसमोर तुझ्या डोक्यावर घेतलास. जो काही असेल तो, असं म्हणालास. मी साक्षी आहे.”

“मला माहीत नव्हतं!” चाचा म्हणाले. “अल्लाकसम, त्या भाबीच्या आहेत हे मला माहीत नव्हतं.”

“विचारलंत कधी?” आई म्हणाली.

चाचांनी तोंडावरून हात फिरवला. घाम आला होता त्यांना. कितीही संशय घेतला तरी एक मी कबूल करीन, त्या क्षणी ते खरं बोलत होते. दुसऱ्याच्या हातचं सोनं आपल्यासाठी विकलं गेलं, आणि तो हात कुणाचा हे त्यांनी पंचवीस वर्षांचा तरणा गडी असतानाही विचारलं नव्हतं, नंतर शेठ झाल्यावरही नाही. आणि त्याच हातावर ते जकात ठेवायला निघाले होते.

“अकरा तोळे...” ते पुटपुटले. “आत्ताच्या भावाने? भाबी, माझं कॉन्ट्रॅक्ट अडकलंय, दोन वर्षं पैसे सुटले नाहीत. म्हणून तर हे घर...” बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

म्हणजे असं होतं तर. कुवेतचा शेठ आतून पोकळ झाला होता आणि आमच्या घरावर मजले चढवून विकणार होता. जकातीची रिक्षा मात्र वाजत गाजत येत होती.

“सोनं मागत नाही मी,” आई म्हणाली. “या घरात तुमचा जो वाटा निघतो तो मेहेरापोटी सोडा. खतीबकाकांसमोर सोडा, आणि तुमच्या हाताने त्या चुन्याच्या रेघा पुसा.”

“वाट्याची किंमत अकरा तोळ्यांएवढी होत नाही,” एक वडीलधारे म्हणाले. “बरंच उरतं.”

“उरलेलं माझं मी बघते.”

चाचा उठले. वाटा सोडला असं तीनदा म्हणाले, खतीबकाकांनी म्हणायला लावलं. गवंड्याला हाक न मारता त्यांनी स्वतःच पायाने चुन्याच्या रेघा पुसल्या. पांढऱ्या झालेल्या चपला तशाच घालून ते निघाले तेव्हा आईने आतून विचारलं, “जेवून जाता का?” ते थांबले, पण वळले नाहीत. म्हणाले, “आज नको भाबी.” तो ‘भाबी’ त्या दिवशी पहिल्यांदा नीट उच्चारला त्यांनी.

सगळे गेल्यावर मी आईसमोर जाऊन उभी राहिले. “मला का नाही सांगितलंस? गाव तुला काय काय बोललं, मी तुला काय काय बोलले!”

“तुला? तुझ्या तोंडात तीळ भिजतो का? विहिरीवर पहिल्याच दिवशी भांडून सांगून आली असतीस. मग भावजींनी मेहेर अंगावर घेतला असता का?”

खरं होतं ते. पण मी काही इतक्यात सोडणारी नव्हते. “आणि बाबा? चार महिने त्यांची रूह अडकून पडली असेल तर? तुला त्यांचं काही वाटलं नाही?”

आई माझ्याकडे वळली.

“तुला वाटतं मला माफ करायचं नव्हतं?” ती म्हणाली. “आदल्या रात्री तू पाणी तापवायला गेलीस ना, तेव्हा मीच त्यांना म्हटलं, अहो, पाटल्यांचं मनात ठेवू नका, मी माफ... एवढं म्हणते तोच त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. हात उचलायची ताकद नव्हती, तरी ठेवला. म्हणाले, खबरदार. उद्या मी गेलो की सगळे मिळून तुला तेच म्हणायला लावतील. म्हणू नकोस. माझा भाऊ आहे, पण तो तुम्हाला घरातून काढून जकातीवर ठेवील आणि वर पुण्य, सवाब कमवील. तू मेहेर सोडू नकोस. मी म्हटलं, अहो, कर्ज घेऊन जाल का? तर म्हणाले...”

मी तिच्याजवळ बसले.

“म्हणाले, मी तिथे अडकून राहीन थोडे दिवस. तुम्ही इथे अडकू नका.”

मी तिचा हात धरला.

“तरी मय्यत समोर बघितली आणि माझा धीर सुटला,” आई म्हणाली. “म्हणणारच होते. तेवढ्यात भावजींनी जकातीचं नाव काढलं.”

ती उठली. आमच्या माजघराची एक खिडकी कबरस्तानाच्या बाजूला उघडते. इद्दतीत तिने ती एकदाही उघडली नव्हती. मला वाटायचं, हिला बाबांच्या कबरीकडे बघवत नाही कारण हिच्या मनात पाप आहे. आज तिने कडी काढली, दोन्ही कवाडं सताड उघडली आणि पदर डोक्यावरून नीट घेतला.

“ऐकलंत का,” ती म्हणाली, जेवायला बोलवावं तशी. “घर राहिलं. उरलेलं मी माफ केलं. तुम्हाला केलं, तुमच्या भावालाही केलं. आता जा.”

मग तिने गजांवर डोकं टेकलं आणि बाबा गेल्यापासून पहिल्यांदा ती मोठ्याने रडली.